आमच्या गल्लीतल्या आठ सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र: ॲग्रीमेंटमध्ये गल्ली कुठेय?

समस्त चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, आणि कमिटीत नसूनही सगळं ठरवणारे काका लोक, नमस्कार.

हे पत्र महापालिकेला नाहीये. ट्रॅफिक पोलिसांनाही नाहीये. त्यांना मी आत्तापर्यंत सात पत्रं दिली, सातही पोचपावत्या फाइलला आहेत, पाहिजे तर दाखवीन. हे पत्र तुम्हाला आहे, म्हणजे आपल्यालाच, कारण आमची सोसायटीपण आता त्याच लायनीत उभी आहे आणि आमच्या सभेत मी स्वतः रिडेव्हलपमेंटला, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून बिल्डरकडून नवी बांधून घ्यायला, हात वर केलाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, भाजीची पिशवी दोरीने वर ओढते मी. तेव्हा "काकूंना विकास नकोय" असं कोणी ग्रुपवर टाकायच्या आधी हे वाचा.

गल्लीचं नाव लिहीत नाही, तुम्हाला माहितीये. बाकीच्यांसाठी एवढंच की पुण्यातल्या कर्वे रोडच्या मागची, नळस्टॉपचा सिग्नल चुकवायला रिक्षावाले ज्या गल्ल्यांतून घुसतात त्यातली एक. मी इथे लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत दोन फियाट, एक ॲम्बेसेडर आणि बाकी सगळ्या स्कूटर होत्या, संध्याकाळी पोरं रस्त्यात स्टम्प रोवून खेळायची आणि गाडी आली की कोणीतरी "गाडीऽऽ" ओरडायचं, दहा सेकंद खेळ थांबायचा. हे आठवणींचं रडगाणं म्हणून सांगत नाहीये, रस्ता तेव्हाही सहा मीटरचाच होता एवढंच सांगायचंय.

आता तो कागदावर नऊ मीटरचा आहे.

ही नऊ मीटरची भानगड आपण सगळ्यांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या प्रत्येकाला मिळणारं जास्तीचं कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, याच तीन मीटरवर उभं आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची नवी एकत्रित नियमावली आली, तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीला बांधलाय. नऊ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर मूळ १.१ वरच गप्प बसायचं. नऊ झाला की त्यावर प्रीमियमचा (पैसे भरून मिळणारा) ०.५, टीडीआरचा (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) ०.४, झाले २, आणि त्याच्यावर राहत्या घरांना आणखी ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे गॅलरी, जिने वगैरेंसाठीचा जोड एफएसआय. म्हणजे ३.२. तुमच्या कन्सल्टंटने बोर्डवर हे गणित मांडून दाखवलं असेल, आमच्याही दाखवलं, सगळे एकदम ताठ बसले. त्याच २०२० साली पुण्यातले तीनशेहून जास्त सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचा विषय महापालिकेच्या स्टँडिंग कमिटीत आला होता, पेपरात रोज वाद चालायचे, मला तेव्हा वाटायचं आपला काय संबंध. तर संबंध हा असा.

आता हे नऊ मीटर होतात कसे? रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या प्लॉटनी दीड दीड मीटर सोडायचा. पण सोडायचा कधी, तर नवीन बिल्डिंग होताना. म्हणजे जिने रिडेव्हलपमेंट केली तिची कंपाउंड वॉल दीड मीटर मागे गेली, शेजारच्या जुनीची आहे तिथेच आहे, पलीकडची मागे, त्यापुढची परत पुढे. वरून गॅलरीतून बघितलं की गल्ली म्हणजे अर्धे दात पडलेलं बोळकं दिसतं. आणि त्या पडलेल्या दातांच्या जागी काय आहे? एका ठिकाणी चार गाड्या कायमच्या लावलेल्या, त्यातल्या एकीला कव्हर घालून वर वीट ठेवलीये. दुसऱ्या ठिकाणी उरलेली वाळू आणि एक इस्त्रीवाल्याची टपरी. तिसऱ्या ठिकाणी कुंड्या, मोठ्या सिमेंटच्या, "सोसायटीची खाजगी जागा" अशी पाटी लावून. अहो ती जागा रस्त्याला दिली म्हणून तर तुम्हाला वरचे मजले मिळाले, आणि आता पाटी लावताय खाजगी म्हणून? पुणेरी पाट्यांचा मला अभिमान आहे पण ही पाटी वाचून मलाच लाज वाटते.

थोडक्यात, मजले नऊ मीटरच्या हिशोबाने चढतायत आणि गाड्या मात्र अजून सहा मीटरमधूनच जातायत, त्यातही एका बाजूला पार्किंग, म्हणजे चालू रस्ता साडेतीन-चार मीटर.

आता माझं साधं गणित, शाळेतल्या मुलीलाही जमेल असं. आठ सोसायट्या, प्रत्येकी बारा फ्लॅट, ९६ घरं. नवीन बिल्डिंगा पार्किंगवर सात मजले, मजल्याला चार फ्लॅट, प्रत्येकी २८, म्हणजे २२४ घरं. घरटी एकच गाडी धरा. (घरटी एक! माझ्या स्वतःच्या मुलाकडे दोन आहेत आणि तो घरून काम करतो.) त्या सगळ्या गाड्या आत पझलमध्ये, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये, मावतीलही, मी नाही म्हणत नाही, पण सकाळी साडेआठला त्या बाहेर तर याच गल्लीत येणार ना. आणि पझल पार्किंगचं एक आहे, वरची गाडी काढायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोपर्यंत परत आलेला माणूस गेटबाहेर गल्लीत गाडी चालू ठेवून उभा राहतो, मागे रिक्षा, तिच्यामागे स्कूल व्हॅन, व्हॅनवाले काका हॉर्नवर हात ठेवूनच बसतात. हे पूर्ण झालेल्या दोन बिल्डिंगांचं चित्र आहे, अजून सहा यायच्यात.

त्यात मोठ्या रस्त्याचं पाणी आपल्या गल्लीत वळतं ते वेगळंच. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला, वनाझ ते गरवारे कॉलेज गाडी सुरू झाली मार्च २०२२ ला, नळस्टॉपचा दुमजली पूलही त्याच महिन्यात खुला झाला. मधली सगळी वर्षं कर्वे रोडला बॅरिकेड, आणि लोकांनी तेव्हा आतले रस्ते पाठ करून ठेवले ते आता विसरत नाहीत. मोबाइलच्या मॅपला पण पाठ झाले. पूल झाला, मेट्रो झाली, मी स्वतः मेट्रोने मंडईत जाते आणि फार छान वाटतं, पण गल्लीतून घुसणारा काही परत मोठ्या रस्त्यावर गेला नाही. धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद, २०२५ मध्ये मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी भिडे पूल बंद, असं डेक्कनला काही अडलं की मला पेपर वाचायला लागत नाही, गॅलरीत उभं राहिलं की कळतं. यावर आपला फार इलाज नाही, तेही मान्य. पण जो भाग आपल्या सहीखाली येतो त्याचं बोलू.

आपल्या गल्लीचं काँक्रिटीकरण २०२३ मध्ये झालं. आठवतंय ना? आधी अर्धी गल्ली, मग अर्धी, गोणपाट टाकून पाणी मारणं, अठ्ठावीस दिवस गाड्या बाहेर, आम्ही म्हातारी माणसं फळीवरून सर्कस करत घरात. ठीक आहे, चांगल्यासाठी होतं, सोसलं. रस्ता झाला छान गुळगुळीत, फक्त आमच्या फाटकापेक्षा एक वीत वर, त्यामुळे पहिल्याच पावसात पाणी रस्त्यावरून सरळ आमच्या पंपरूममध्ये. आणि सहा महिने होत नाहीत तोच दुसऱ्या नंबरच्या बिल्डिंगला नवीन ड्रेनेज लाइन पाहिजे म्हणून ब्रेकर लागला. मग तिलाच पाण्याची मोठी लाइन. मग विजेची केबल. मग गॅस. प्रत्येकाने आपापला चर खणला, आपापल्या पद्धतीने बुजवला, कोणी पेव्हर ब्लॉक बसवले कोणी नुसती खडी. मी मोजले, आपल्या एवढ्याशा गल्लीत आडवे नऊ चर आहेत. रिक्षात बसून या एकदा, मणके मोजता येतील. कोणत्या खात्याचं चुकलं हा वाद मी इथे घालत नाही, मला एवढंच विचारायचंय की रस्ता काँक्रीटचा होतोय हे आपल्याला तीन महिने आधी माहीत होतं, दुसऱ्या नंबरवाल्यांची बिल्डिंग पाडायची ठरलीये हेही अख्ख्या गल्लीला माहीत होतं, मग आपल्यापैकी एकानेही जाऊन सांगितलं का की थांबा, आधी आडवे पाइप तरी टाकून ठेवा? मीही नाही सांगितलं. मला वाटलं त्यांची कमिटी सांगेल. त्यांना वाटलं बिल्डर सांगेल. बिल्डरला काय, त्याने खोदाईचे पैसे भरले आणि खोदलं.

आता एक गोष्ट सांगते, जरा मन घट्ट करून वाचा.

फेब्रुवारीत आमच्या तळमजल्यावरचे आजोबा गेले. पहाटे गेले, दहाच्या सुमाराला न्यायचं ठरलं. त्याच दिवशी समोर पाचवा स्लॅब होता. स्लॅबचा दिवस म्हणजे काय हे ज्यांच्या समोर झालाय त्यांना माहितीये, बूम पंप गल्लीत पाय पसरून उभा राहतो आणि मिक्सर एकामागे एक रिव्हर्समध्ये येत राहतात, त्या दिवशी मी नंतर मोजले ते एकोणीस. एकेक भरलेला मिक्सर पंचवीस टनाच्या आसपास. तर शववाहिनी चौकातच अडकली. मुलाने साइटवर जाऊन हात जोडले, इंजिनिअर पोरगा बिचारा चोवीस-पंचवीसचा, तो पण रडकुंडीला आला, म्हणाला काका पंप हलवायचा तर पाऊण तास जाईल, स्लॅबला जोड पडेल. मग आपल्या गल्लीतल्याच पोरांनी आजोबांना खांद्यावरून चौकापर्यंत नेलं. मिक्सर आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम जागा, तिरडी तिरकी करावी लागली. मिक्सरचा ड्रायव्हर खाली उतरला, हेल्मेट काढून हात जोडून उभा राहिला. त्याने इंजिन नाही बंद केलं, कारण ड्रम थांबवला तर आतलं काँक्रीट बसतं. त्यामुळे राम नाम आणि तो घर्र घर्र आवाज, दोन्ही एकत्र. आजोबा याच गल्लीत छप्पन्न वर्षं राहिले.

यात दोष कोणाचा ते मला अजून सांगता येत नाही. इंजिनिअरचा नाही, ड्रायव्हरचा तर नाहीच नाही. स्लॅबची तारीख गल्लीला आदल्या दिवशी कळवायची असा कुठे नियमच लिहिलेला नाही, आणि तो लिहायची एकच जागा होती, तुमचं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट.

त्या ॲग्रीमेंटबद्दलच बोलायचंय. आमची ७९अ खालची, म्हणजे सहकार कायद्याप्रमाणे रिडेव्हलपमेंटसाठी घ्यायची, सभा झाली ना, उपनिबंधकांकडचा अधिकारी आलेला, व्हिडिओ शूटिंग, सगळं नियमाप्रमाणे. अडीच तास चालली. कार्पेट किती टक्के जास्त, कॉर्पस (बिल्डर देतो तो एकरकमी निधी) किती, भाडं किती आणि दर वर्षी वाढणार का, शिफ्टिंगचे एकवेळचे का दोन वेळचे, किचनचा ओटा ग्रॅनाइटचा का क्वार्ट्झचा, यावर वीस मिनिटं! एका काकांनी संडासातल्या फ्लशचा ब्रँड लिहून घेतला. मी थट्टा करत नाही, घराचा प्रश्न आहे, विचारायलाच पाहिजे. पण त्या पूर्ण शूटिंगमध्ये "रस्ता" हा शब्द फक्त एफएसआयच्या गणितात आला. तुमच्या सभांचं वेगळं झालं असेल तर सांगा, मी जाहीर माफी मागीन.

आणि गंमत अशी की आपली ताकद फक्त सही करेपर्यंतच असते. सहीच्या आधी बिल्डर घरी पेढे घेऊन येतो, नंतर त्याचा फोनसुद्धा ऑफिसातली मुलगी उचलते. आठपैकी दोन झाल्या, दोन चालू आहेत, तिघांचं बोलणं चाललंय आणि चौथे आम्ही. म्हणजे चार सह्या अजून व्हायच्यात. चार बिल्डरांना या गल्लीत यायचंय. चौघांना एकच चार-पाच कलमं सांगितली तर कोणी नाही म्हणणार नाही, एकट्या सोसायटीने सांगितलं तर म्हणेल शेजारचे तर असलं काही मागत नाहीयेत.

मला सुचलेलं सांगते, वकील सुधारून घेतील. स्लॅब आणि राफ्टची (पायाच्या काँक्रीटची) तारीख दोन दिवस आधी आठही सोसायट्यांच्या बोर्डावर लागली पाहिजे. गल्लीत एका वेळी एकच मिक्सर, पुढचा फोन केल्याशिवाय प्लँटवरून निघायचा नाही, नाहीतर ते सगळे कर्वे रोडला रांग लावतात आणि लोक आपल्याला शिव्या देतात. शाळा भरताना आणि सुटताना हायवा डंपर, मिक्सर, सळईचे ट्रेलर काही नको. तोंडाशी शिट्टीवाला माणूस पाहिजे, आणि तो माणूसच पाहिजे, झेंडा हलवणारा पुतळा नको. माती उचलायच्या काळात गल्लीच्या तोंडाशी टायर धुतलेच पाहिजेत, मागच्या जूनमध्ये त्या चिखलावर स्कूटरवरून घसरलेल्या मुलीचं मनगट अजून वळत नाही. कामगारांच्या आणि साइटवाल्यांच्या गाड्या प्लॉटच्या आत.

दीड मीटरच्या पट्टीचं कलम मात्र सगळ्यात महत्त्वाचं आणि त्यावर मी अडून बसणार आहे. भिंत मागे घेतली की ती पट्टी रस्त्याच्या लेव्हलला आणून, मोकळी करून, रीतसर ताब्यात द्यायची, भोगवटा पत्राची वाट बघत कुंड्या ठेवायच्या नाहीत. आणि ज्या दोन सोसायट्या पूर्ण झाल्यात त्यांनी आपल्या कुंड्या प्लीज या दिवाळीच्या आत उचला. मला माहितीये तुमचं म्हणणं काय, आम्ही कुंड्या उचलल्या तर बाहेरचे येऊन गाड्या लावतील. लावतील. म्हणून तर सगळ्यांनी मिळून पी-१ पी-२ साठी अर्ज करायचाय, सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी, किंवा गल्ली एकदिशा करून घ्यायची. एका काकूच्या सात पत्रांनी काही झालं नाही, आठ चेअरमनच्या शिक्क्यांचं एक पत्र गेलं तर निदान टेबल तरी बदलेल.

खोदाईचं म्हणाल तर चारही सोसायट्यांना किती व्यासाची लाइन लागणार, कुठून लागणार, हे कन्सल्टंटला आजच माहीत असतं. मग चारहीचं आडवं काम एकाच उन्हाळ्यात का नाही होत? आणि रस्त्याचे डागडुजीवाले परत कधी येतील तेव्हा त्यांना आपणच लेखी देऊ की शेवटची बिल्डिंग होईपर्यंत वरचा थर घालू नका, खड्डे भरा फक्त, घालायचाच असेल तर खालून मोकळे पाइप टाकून घाला. असं पत्र त्यांना आजवर कोणी दिलं नसेल. लोक रस्ता करा म्हणून पत्र देतात.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली होती, ती म्हणजे नंबर लावणं. चारही एकदम पाडल्या तर चार पोकलेन, चार ब्रेकर, चार ठिकाणची माती, या गल्लीला ते झेपणार नाही, साधी अक्कल आहे. दोन आत्ता, दोन त्यांचे खालचे स्लॅब झाल्यावर. पण मग कोणी थांबायचं? थांबणाऱ्याचा बांधकाम खर्च वाढतो, बिल्डर ऑफर कमी करतो, घरातली म्हातारी माणसं तोपर्यंत राहतील का हापण प्रश्न असतो, तो मी तोंडावर विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. माझ्याकडे याचं उत्तर नाही. आमच्या सोसायटीने थांबावं असं मी आमच्या सभेत मांडीन, मत मिळेल का नाही माहीत नाही, माझ्याच घरातलं मिळेल का याची खात्री नाही, मुलाने फ्लोअर प्लॅन फ्रिजवर चिकटवलाय.

तर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली, पार्किंगमध्ये, प्रत्येक कमिटीतून दोघांनी तरी या. ज्यांचा ॲग्रीमेंटचा मसुदा आलाय त्यांनी झेरॉक्स आणा, भाड्याचा आकडा झाकून आणलात तरी चालेल, मला त्यात रस नाही. चालू कामाच्या दोन सोसायट्यांनी आपल्या साइट इंजिनिअरला पण घेऊन या, त्या पोराला बऱ्याच गोष्टी आपल्यापेक्षा नीट कळतात. चहा माझ्याकडून, वरून दोरीनेच खाली सोडीन. प्लास्टिकच्या खुर्च्या सहाच आहेत, उरलेल्यांनी घरून आणा.

तुमची,
चार नंबरच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू